शनिवारची गर्दी, सोमवारचा गल्ला: महाबळेश्वरच्या थंडीत मित्राचे आठ लाख



आमच्या कॉलेजच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव अजून 'युरोप २०२०' आहे. एकाला प्राग बघायचं होतं, एकाला ॲमस्टरडॅम. बर्फ पडलेल्या गल्लीत उभं राहून कॉफी प्यायची आणि फोटो टाकायचा, एवढीच खरी इच्छा होती. २०२० कसं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. मग लग्नं झाली, घराचे हप्ते सुरू झाले, पोरांच्या शाळा आल्या. या जानेवारीत शेवटी एकजण वैतागून म्हणाला, "थंडीच पाहिजे ना? मग चला की महाबळेश्वरला. पासपोर्ट पण लागत नाही."

शुक्रवारी रात्री दुकान बंद करून सांगलीतून निघालो. पेठ नाक्याला हायवे धरला, कराड मागे टाकलं, साताऱ्याचा गडी पोवई नाक्यावर गाडीत बसला. पाचवडवरून वाई आणि मग पसरणीचा घाट. घाट चढताना काच खाली केली आणि दोन मिनिटांत सगळ्यांनी कानटोप्या काढल्या. मला हसू आलं. त्या चारही कानटोप्या माझ्याच दुकानातल्या होत्या, आणि एकाचेही पैसे मला मिळालेले नव्हते.

जे नवीन वाचक आहेत त्यांच्यासाठी सांगतो. माझं सांगलीत दुकान आहे. पावसाळ्यात छत्र्या-रेनकोट, हिवाळ्यात स्वेटर-ब्लँकेट, उन्हाळ्यात टोप्या-स्कार्फ. म्हणजे आकाशाकडे बघून माल भरायचा धंदा. महिन्यातून दोनदा साताऱ्यात नव्या उद्योजकांची बॅच घेतो. त्यामुळे सहलीला गेलो तरी डोळे दुकानांकडेच जातात, बायको यावरून रोज बोलते.

ही पोस्ट सहलीची आहे, पण सहलीत जे घडलं ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आत्ता घडत असेल. म्हणून सविस्तर लिहितोय.

शनिवारी पहाटे वेण्णा लेकवर गेलो. पार्किंगमधल्या गाड्यांच्या टपावर पांढरा थर होता, हिमकण. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतो तो फोटो समोर बघितला. चहावाल्याभोवती ही गर्दी. बोटिंगला रांग, घोड्यांना रांग, भाजलेल्या मक्याला रांग. संध्याकाळी मेन बाजारात तर पाय ठेवायला जागा नव्हती. चिक्की, चणे, चपला, फज, जेली आणि प्रत्येक दहा पावलांवर स्ट्रॉबेरी क्रीम.

आमच्यातला एकजण बँकेत आहे. त्याला इथं बँकवाला म्हणतो. तो एका स्टॉलसमोर थांबला तो हलेचना. साडेसहा ते साडेसात त्यानं ग्लास मोजले. बासष्ट. एक ग्लास १२० रुपयांना. मग मोबाईल काढला. तासाला ७,४४०. दिवसाला सहा तास धरले तर ४४ हजार. महिन्याला १३ लाखांच्या वर. त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. "भावा, मी ५२ हजारांसाठी रोज मॅनेजरची बोलणी खातोय," एवढंच म्हणाला.

प्रकरण तिथंच थांबलं असतं. पण दोन दुकानं सोडून एका गाळ्यावर 'भाड्याने देणे आहे' असा बोर्ड होता. बँकवाल्यानं जेवायच्या आधीच फोन लावला. वर्षाचं भाडं ६ लाख, डिपॉझिट ३ लाख, आणि "रविवारी संध्याकाळपर्यंत ५० हजार टोकन द्या, सोमवारी दुसरी पार्टी येतेय". त्याच्याकडे आठ लाख होते. मुलीच्या नावानं ठेवलेले धरून आठ. रात्री शेकोटीपाशी त्यानं बायकोला फोन केला आणि ती रडली की खूश झाली ते आम्हाला कळलं नाही, कारण तो लांब जाऊन बोलत होता.

मी रात्रभर झोपलो नाही. कारण हा पिक्चर मी आधी बघितला होता, आणि त्यात हिरो मीच होतो.

२०१७ च्या डिसेंबरात मी असाच एका शनिवारी तिथं होतो. मुंबईची माणसं पातळ शर्टात कुडकुडत शाली आणि माकडटोप्या घेत होती, भाव न करता. मला वाटलं, माझ्याकडे तर होलसेलचा सप्लाय आहे, मी इथं राजा होईन. बाजाराच्या एका आतल्या गल्लीत काउंटर घेतला, माल ओतला, एक पोरगा बसवला. मार्चमध्ये हिशेब केला तेव्हा २ लाख १० हजारांचं नुकसान होतं. फसवलं कुणी नव्हतं, माझं मोजमाप चुकलं होतं. स्वेटर विसरून आलेलं गिऱ्हाईक शनिवारी संध्याकाळी येतं आणि रविवारी दुपारी खाली उतरतं. बाकीचे पाच दिवस माझा पोरगा शेजारच्या पोराशी कॅरम खेळत होता, आणि त्याचा पगार, त्याची खोली, गाळ्याचं भाडं चालूच होतं.

उरलेला माल सांगलीच्या दुकानात आणून खालच्या फळ्यांवर रचला. पुढं ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. त्या गठ्ठ्यांचं काय झालं ते तुम्हीच समजा. आणि गंमत बघा, ही कृष्णा उगम पावते जुन्या महाबळेश्वरच्या देवळात. माझ्या मालाला ती घरी येऊन भेटली.

तर रविवारी सकाळी मी बँकवाल्याला एकच गोष्ट मागितली. टोकन देऊ नको असं म्हटलंच नाही. नवीन धंद्याच्या नशेत असलेल्या माणसाला 'नको' म्हटलं की तो जास्त हट्टाला पेटतो. मी म्हटलं, "सोमवारी थांबू. तुझ्या त्याच स्टॉलसमोर, त्याच वेळेला, परत ग्लास मोज. नंतर टोकन दे, पैसे कमी पडले तर मी घालतो." माझ्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते. त्यानं रजा टाकली. बाकी दोघांनी आम्हाला शिव्या घातल्या, पण गाडी एकच होती.

गाळामालकाला त्यानं फोन करून एक दिवस मागितला. "बघा, माझी जबाबदारी नाही," असं उत्तर आलं. हे वाक्य लक्षात ठेवा. घाई नेहमी देणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नसते.

सोमवारी काय दिसलं

सोमवारी सकाळी अकराला बाजारात गेलो. झाडू मारल्याचा आवाज येत होता. शनिवारी जिथं धक्के खाल्ले तिथं एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध उन्हात झोपलं होतं. आम्ही एका जुन्या दुकानात शिरलो. अर्धं चिक्कीचं, अर्धं चपलांचं. मालक सत्तरीचे, त्यांना आपण काका म्हणू. शनिवारी ह्यांनीच आमच्याकडे न बघता पिशवी हातात कोंबली होती. सोमवारी म्हणाले, "बसा पाव्हणं. शनवारी तुमचं तोंड बघायला बी टाईम नव्हता. च्या घेणार?"

त्या चहावर आम्ही दीड तास बसलो. माझ्या चार बॅचमध्ये जेवढं शिकवून होत नाही तेवढं काकांनी सांगितलं.

पहिला प्रश्न बँकवाल्यानं विचारला, "काका, पावसाळ्यात काय करता?" काका हसले. इथं वर्षाला ५ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या सांगलीत जेमतेम ५००-६००, म्हणजे दहापट फरक. जूनच्या आधी दुकानाचं तोंड झाकून घ्यायचं, माल माळ्यावर चढवायचा. चामड्याच्या चपलेला आठ दिवसांत बुरशी धरते. चिक्की सादळते. हल्ली पावसातही हौशी लोक येतात, पण ते भजी आणि मका खातात, चपला घेत नाहीत. "मग भाडं कसं निघतं?" काका म्हणाले, "भाडं कुठलं? दुकान आज्याचं हाय. भाडं असतं तर कधीच खाली उतरलो असतो."

इथं जरा थांबा. तुम्ही जेव्हा एखादं चालणारं दुकान बघता तेव्हा तुम्हाला त्याची विक्री दिसते. त्याला भाडं आहे का, ते दिसत नाही. घरचीच माणसं राबतात का, ते दिसत नाही. खाली गावात त्याची भातशेती आहे का, तेही दिसत नाही. दोन शेजारच्या दुकानांची विक्री सारखी असू शकते आणि एकजण बंगला बांधतो, दुसरा कर्ज फेडतो.

दुसरी गोष्ट काकांनी स्वतःहून सांगितली. "खायचा माल इथंच संपतो. न्यायचा माल गिऱ्हाइकाच्या घरी जातो, आन तितून परत फोन येतो." त्यांनी एक वही दाखवली. मुंबई, पुणे, सुरत, नाशिक, गिऱ्हाइकांचे नंबर. त्यांची सून आता त्या नंबरांवर दिवाळीच्या आधी मेसेज टाकते आणि चिक्की-फज कुरिअर करते. सोमवार असो की पावसाळा, ती वही चालू असते.

हाच विचार मोठा केला की काय होतं त्याचं उदाहरण तिथून थोड्याच अंतरावर आहे. मॅप्रोची गुरेघरची बाग तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल, तिथलं सँडविच पण खाल्लं असेल. पण ती कंपनी १९५९ मध्ये पाचगणीत किशोर व्होरा यांनी सुरू केली आणि ते मुळात औषधांच्या क्षेत्रातले, फार्मासिस्ट. स्ट्रॉबेरी तोडल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते. तिचा जॅम केला, सिरप केलं, की ती वर्षभर विकता येते आणि पिशवीत बसून घाट उतरते. देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी साधारण ८५ टक्के याच पट्ट्यात पिकते असं सांगितलं जातं, २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं पीक एकट्या पर्यटकांच्या पोटात मावणार नाही हे ज्यांना वेळेत कळलं त्यांचे धंदे उभे राहिले.

तिसरी गोष्ट माझ्या डोक्यात बरेच दिवस होती, काकांशी बोलताना पक्की झाली. महाबळेश्वरचा हा बाजार म्हणजे माल्कम पेठ. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८-२९ च्या सुमारास, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेऊन इंग्रजांनी वसवली. त्यांना आपल्या घरची थंडी आठवत होती, आम्ही चौघं तीच थंडी उलटीकडून शोधत होतो. म्हणजे हे गाव पहिल्यापासून सिझनच्या पाहुण्यांसाठी बांधलेलं आहे. पाचगणीचं गणित वेगळं. जॉन चेसन नावाच्या साहेबानं ती वसवताना शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले यांना मुद्दाम बोलावून बाजाराच्या खालच्या अंगाला जागा दिल्या. पुढं तिथं निवासी शाळा उभ्या राहिल्या. शाळेतल्या पोराला सोमवारी पण वही लागते, बुधवारी पण बूट लागतात. दोन गावांत वीस किलोमीटरचं अंतर आहे, थंडी तीच आहे, पण स्टेशनरीचं दुकान मी पाचगणीत टाकेन, महाबळेश्वरात नाही.

दुपारी चौघं हॉटेलच्या व्हरांड्यात बसलो आणि कागद काढला. बीबीएला आम्हाला ब्रेक-इव्हन शिकवलं होतं. तेव्हा पेपरात आलं म्हणून पाठ केलं, खरं ते २०१७ नंतर कळलं.

वर्ष चार भागांत पाडलं. सलग सुट्ट्या, नाताळ, दिवाळी, मे मिळून तुफान गर्दीचे दिवस ४०. दिवसाला २६० ग्लास धरले, म्हणजे ३१ हजार. बँकवाल्याचे ४४ हजार इथंच उडाले, कारण गर्दी सहा तास एकसारखी नसते. साधे शनिवार-रविवार ६०, दिवसाला १५ हजार. कोरडे आठवड्यातले दिवस १४०, दिवसाला अडीच हजार. पावसाचे १२५ दिवस, शून्य. एकूण विक्री झाली २४ लाख ९० हजार. इथपर्यंत तो खूश होता.

मग माल. स्ट्रॉबेरी, क्रीम, आइस्क्रीम, ग्लास, ४५ टक्के धरा. ११ लाख २० हजार गेले. उरले १३ लाख ७० हजार. भाडं ६ लाख, उरले ७ लाख ७० हजार. दोन पोरं, १४ हजार पगार, नऊ महिने, अडीच लाख. त्यांचं आणि याचं राहणं-खाणं, लाईट, गाडीभाडं महिन्याला १५ हजार, म्हणजे १ लाख ३५ हजार. खराब होणारा माल, दुरुस्ती, पावसाळ्याची झाकाझाक ६० हजार. खाली राहिले ३ लाख २३ हजार. महिन्याला २७ हजारांच्या आत.

त्यात त्याचा स्वतःचा पगार धरलेला नाही. आठ लाखांवर बँकेत मिळणारं व्याज धरलेलं नाही. ताजी स्ट्रॉबेरी डिसेंबर ते एप्रिल. मे आणि दिवाळीला काय विकायचं हा प्रश्न तसाच. आणि मुलगी सांगलीत शाळेला, हा वर.

कुणी काहीच बोललं नाही. साताऱ्याच्या मित्रानं फक्त विचारलं, "चहा सांगू का?"

संध्याकाळी साडेसहाला तो एकटाच स्टॉलसमोर गेला. आम्ही मुद्दाम लांब थांबलो. साडेसातला आला. "नऊ," म्हणाला. त्यातले दोन त्यानंच प्यायले होते, थंडीत उभं राहायला काहीतरी निमित्त हवं म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, सर, म्हणजे धंदा करूच नये का? पोस्टचा अर्थ तसा काढू नका. बँकवाल्याला नोकरीचा कंटाळा आलाय तो खरा आहे आणि त्याची विकायची खुमखुमी पण खरी आहे. मी त्याला एवढंच म्हटलं की आठ लाखांची परीक्षा देण्याआधी आठ हजारांची दे.

परतीच्या वाटेवर भिलारला थांबलो. भिलार म्हणजे ४ मे २०१७ पासूनचं पुस्तकाचं गाव. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना घेतली. तिथं रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं साठच्या दशकात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं आणि हळूहळू अख्खं गावच पुस्तकांवर चालायला लागलं. भिलारमध्ये स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीच आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या. रात्र झाल्यानं आम्हाला पुस्तकं काही बघता आली नाहीत. पण दुपारीच फोन करून ठेवलेल्या एका शेतकऱ्यानं माल काढून ठेवला होता.

त्याआधी दुपारी, हिशेब संपल्यावर, मी बँकवाल्याला त्याच्या सोसायटीच्या आणि बँकेच्या ग्रुपवर एक मेसेज टाकायला लावला होता. 'उद्या सकाळी भिलारची ताजी स्ट्रॉबेरी, पाव किलोची डबी ८० रुपये, आजच नाव सांगा.' सहा वाजेपर्यंत १४० डब्यांची नावं आली. आधी ऑर्डर, मग खरेदी. त्यानं जोशात २० खोके घेतले, एका खोक्यात आठ डब्या, म्हणजे १६०. खोका ४२० ला पडला, एकूण ८,४००.

गाडीत आम्ही चौघं आणि २० खोके. डिकीत बॅगा होत्या, त्यामुळे खोके मांडीवर, पायाशी, एकावर एक. पसरणी घाटात प्रत्येक वळणाला मागून "अरे दाबतंय, दाबतंय" असा आवाज येत होता. सांगलीत पोचायला मध्यरात्र झाली.

मंगळवारी १३१ डब्या विकल्या गेल्या. २९ खालच्या थरातल्या दबून पाणी सुटलेल्या निघाल्या, त्यामुळे नाव दिलेल्या ९ जणांना 'माल संपला' म्हणून सांगावं लागलं. जमा १०,४८०. खर्च ८,४००. नफा २,०८०. तो मला फोनवर ओरडून सांगत होता. मी विचारलं, "पेट्रोल?" तो गप्प. सहलीचं पेट्रोल चौघांत वाटलं होतं. तो एकटा खास मालासाठी जाऊन आला असता तर दोन हजारांच्या आसपास तेच गेलं असतं, आणि हातात शून्य.

पण आता त्याला चार गोष्टी माहीत आहेत ज्या शनिवारी माहीत नव्हत्या. ८० रुपयांना त्याची माणसं घेतात. खोके दोन थरांच्या वर रचायचे नाहीत. स्वतःच्या गाडीनं माल आणणं परवडत नाही. आणि बँकेतल्या बायकांनी स्ट्रॉबेरीपेक्षा जास्त वेळा एकच प्रश्न विचारला, घरगुती जॅम मिळेल का.

गाळामालकाचा फोन सोमवारी रात्रीच, वाई सोडताना आला होता. दुसरी पार्टी टोकन घेऊन बसलीय, काय करू? बँकवाल्यानं फोन स्पीकरवर ठेवला होता. मांडीवर तीन खोके होते. तो म्हणाला, "द्या त्यांना."

सध्या तो सांगलीकडे रोज रिकामा येणारा एक टेम्पोवाला शोधतोय, आणि त्याच्या बायकोनं पाच किलो स्ट्रॉबेरीचा जॅम करून बघितला. पहिला घाणा पातळ झाला. दुसरा बरा आहे, माझ्या घरी एक बाटली आलीय. विकायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन होते, असं मी त्यांना सांगितलंय. पुढच्या महिन्यात त्यांना साताऱ्याच्या बॅचला बोलावणार आहे, तेव्हा हिशेबाची वही घेऊन या म्हटलंय, पेट्रोलचा रकाना असलेली.